घरच्या संगणकाचा यूपीएस : निवडीचे निकष

दुकानात यूपीएस मागितला की पलीकडून पहिला प्रश्न येतो, 'सहाशेचा देऊ की अकराशेचा?' बहुतेकांची निवड या प्रश्नापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. सहाशे किंवा अकराशे हे व्हीएचे आकडे. यूपीएस एका वेळी किती भार उचलेल, एवढेच त्यांतून कळते. तो भार किती मिनिटे पेलेल, दिवसातून किती वेळा पेलावा लागेल आणि तीन वर्षांनी पेलेल का, हे त्यांतून कळत नाही. माझ्या मते घरगुती यूपीएस निवडताना आधी आपल्याकडे येणाऱ्या विजेचा स्वभाव पाहावा, मग मिनिटे मोजावीत आणि व्हीएचा आकडा सर्वांत शेवटी बघावा.

विजेचा स्वभाव

पुरवठ्यातले दोष निरनिराळे असतात आणि एकावरचा उपाय दुसऱ्याला लागू पडतोच असे नाही. कोकणात पावसाळ्यात फांदी तारेला टेकते, फीडर ट्रिप होतो आणि काही सेकंदांत परत सुरू होतो. दिवे नुसते मिचकावतात, पण संगणक बंद पडून पुन्हा सुरू होतो. पुण्यात गुरुवार हा देखभाल-दुरुस्तीचा वार. त्या दिवशी वीज गेली तर ती काही तासांसाठीच जाते. मुंबई शहर खंडित विजेला फारसे सरावलेले नाही, पण 12 ऑक्टोबर 2020 च्या सकाळी ग्रिड कोसळले तेव्हा घरून काम करणाऱ्यांचे यूपीएस वीस-पंचवीस मिनिटांत माना टाकून बसले. त्यात यूपीएसचा दोष नव्हता. तासन्‌तास वीज पुरवण्यासाठी ते बनवलेलेच नसतात.

सर्वांत दुर्लक्षित दोष म्हणजे कमी दाब. आपल्याकडे घरगुती पुरवठा 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ. 1956 च्या भारतीय वीज नियमांनी त्यात सहा टक्के कमी-जास्त चालवून घेतले होते, म्हणजे साधारण 216 ते 244 व्होल्ट. शेतातल्या वस्तीवरचे घर शेतीच्या फीडरवर असेल, तर पंप सुरू झाल्यावर तिथला आकडा 180 च्या खाली आलेला दिसतो. वीज 'आहे', पंखा मात्र रेंगाळतो. आजचा संगणक अशा दाबावर बहुधा चालतो, कारण बऱ्याच एसएमपीएस (संगणकाच्या आतला वीज पुरवणारा भाग) 100 ते 240 व्होल्टपर्यंत काहीही पचवतात. अडचण यूपीएसची होते. दाब ठरलेल्या मर्यादेखाली गेला की साधा ऑफलाइन यूपीएस वीज गेली असे समजून बॅटरीवर जातो. संध्याकाळभर असे दहा वेळा झाले की बॅटरी दहा वेळा उतरते आणि पुरती भरायच्या आत पुन्हा उतरते. वर्षभरात ती बसते आणि मालक कंपनीला बोल लावतो.

यावर उपाय लाइन-इंटरॅक्टिव्ह प्रकारचा. त्यात टॅप असलेला ट्रान्सफॉर्मर असतो. दाब घसरला की रिले टॅप बदलून तो वर उचलतो, चढला की खाली आणतो, आणि बॅटरीला हात लावत नाही. आपल्याकडे मिळणारे अनेक यूपीएस साधारण 145 ते 290 व्होल्टची मर्यादा छापतात. खोक्यावरचा हाच आकडा आधी वाचावा. दाब सतत कमी असलेल्या घरासाठी व्हीएपेक्षा त्याला जास्त मोल आहे.

तिसरा प्रकार ऑनलाइन. यात येणारी वीज कायम एकदिश करून पुन्हा प्रत्यावर्ती केली जाते, त्यामुळे बॅटरीवर जाताना क्षणाचाही खंड पडत नाही. इस्पितळातली यंत्रे आणि सर्व्हर यांना ते हवे. घरात मात्र त्याचा पंखा रात्रंदिवस घोंघावतो आणि दुहेरी रूपांतरात वीज वाया जाते. ही गळती फक्त 15 वॅट धरली, तरी चोवीस तास चालू ठेवल्यास वर्षाला सुमारे 131 युनिट होतात. एका घरगुती संगणकासाठी मला ते समर्थनीय वाटत नाही.

मिलिसेकंदांचा हिशेब

ऑनलाइन नसेल तर रिलेला पलटी मारायला वेळ लागतो आणि तेवढ्यात संगणक बंद पडेल, अशी भीती घातली जाते. तिची शहानिशा आकड्यांनी होते. 50 हर्ट्झच्या विजेचे एक आवर्तन 20 मिलिसेकंदांचे. लाइन-इंटरॅक्टिव्ह यूपीएसला बॅटरीवर जायला साधारण 4 ते 10 मिलिसेकंद लागतात. एसएमपीएसमध्ये एक जाडजूड कपॅसिटर तीनशेहून अधिक व्होल्टला भरलेला असतो आणि पूर्ण भारावरही त्याने सुमारे 16 मिलिसेकंद तग धरावा, अशी अपेक्षा असते. भार निम्मा असेल तर तग दुप्पटीच्या आसपास जातो. म्हणजे धड एसएमपीएसला या खंडाची गंधवार्ताही लागत नाही. स्वस्तातल्या कॅबिनेटसोबत 'फ्री' आलेल्या एसएमपीएसची मात्र हमी देता येत नाही. यूपीएस असूनही संगणक रीस्टार्ट होत असेल, तर संशय आधी तिच्यावर घ्यावा.

खरी गोम लहरीच्या आकारात आहे. स्वस्त यूपीएस बॅटरीवर असताना गुळगुळीत साइन लहर देत नाही. पायऱ्यांची, मध्येच शून्यावर थबकणारी लहर देतो. साध्या एसएमपीएसला ती चालते. ॲक्टिव्ह पॉवर फॅक्टर करेक्शन असलेल्या एसएमपीएसचे गणित मात्र लहरीच्या आकारावर बसवलेले असते. पायरी चढताना ती एकदम मोठा प्रवाह ओढू शकते, यूपीएस 'ओव्हरलोड' म्हणून किंचाळतो आणि दोघेही बंद पडतात. हे प्रत्येक जोडीत घडत नाही, पण ग्राफिक्स कार्डवाला महाग संगणक असेल तर प्युअर साइन वेव्हचा यूपीएस घ्यावा. ब्राउझर आणि टॅलीपुरत्या संगणकासाठी तो खर्च अनावश्यक आहे.

भार मोजायचा कसा

आता व्हीए. 600 व्हीएच्या यूपीएसवर बारीक अक्षरात 360 वॅट लिहिलेले असते आणि उपयोगाचा आकडा तोच. संगणकाचा भार एसएमपीएसवरच्या आकड्यावरून ठरवू नये. 450 वॅटची एसएमपीएस म्हणजे 450 वॅट देऊ शकणारी. ती सतत तेवढे ओढत नाही.

मोजायला वेगळे यंत्र लागत नाही, घरचे मीटर पुरते. मीटरवर 3200 इम्प/केडब्ल्यूएच असा काहीसा आकडा असतो. म्हणजे लाल दिवा 3200 वेळा लुकलुकला की एक युनिट. फ्रिजसकट घरातले सगळे बंद करावे, फक्त संगणक आणि मॉनिटर चालू ठेवावा, त्यावर नेहमीचे जड काम लावावे आणि पाच मिनिटे दिवा मोजावा. 40 वेळा लुकलुकला, तर तासाला 480, म्हणजे 0.15 युनिट. भार 150 वॅट. ग्राफिक्स कार्ड नसलेला घरगुती संगणक मॉनिटरसह बहुधा याच्या आतच निघतो. मोजलेल्या भाराच्या दीडपट वॅट देणारा यूपीएस घेतला की ताकदीचा विचार संपतो. लेझर प्रिंटर मात्र त्यावर कधीही लावू नये. त्याचा फ्यूजर तापताना काही क्षणांत कित्येकशे वॅट ओढतो.

मिनिटांचे गणित

600 व्हीएच्या बहुतेक यूपीएसमध्ये एकच सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी असते, 12 व्होल्ट, 7 अँपिअर-अवर. गुणाकार केला तर 84 वॅट-अवर. मग 100 वॅटचा संगणक 50 मिनिटे चालायला हवा. प्रत्यक्षात नवी बॅटरीसुद्धा वीस-पंचवीस मिनिटांतच थकते.

कारण 7 अँपिअर-अवर हा आकडा वीस तासांत सावकाश उतरवण्याच्या हिशेबाने छापलेला असतो, म्हणजे 0.35 अँपिअरने. 100 वॅटच्या भाराला इन्व्हर्टरची गळती धरून बॅटरीतून सुमारे 10 अँपिअर ओढावे लागतात. लेड-ॲसिड बॅटरीतून जितक्या घाईने वीज काढावी तितकी ती एकूणच कमी देते. विल्हेल्म प्यूकर्ट या जर्मन संशोधकाने 1897 मध्ये हा संबंध सूत्रात मांडला. म्हणूनच भार निम्मा केला की वेळ दुपटीहून जास्त वाढतो, आणि 300 वॅटला तीच बॅटरी चार-पाच मिनिटांत हात वर करते. दुकानदार 'अर्धा तास चालतो' म्हणतो तेव्हा किती वॅटवर, हे विचारावे.

म्हणजे यूपीएस काम चालू ठेवण्यासाठी फारसा उपयोगी नाही. काम आवरते घेण्यासाठी आहे. हे मान्य केले की दहा मिनिटे पुष्कळ होतात. त्यातही एक मेख आहे : आवरायला घरात कोणी नसेल तर? संगणक एकटाच डाउनलोड किंवा बॅकअप घेत राहत असेल, तर यूएसबी केबलने जोडता येणारा यूपीएस घ्यावा. बॅटरी खाली आल्याचे तो संगणकाला कळवतो आणि संगणक स्वतःहून रीतसर बंद होतो. आपल्या बाजारातल्या स्वस्त मॉडेलांत हा पोर्ट बहुधा नसतो. जास्तीच्या 500 व्हीएपेक्षा त्याच्यावर पैसे घालणे मला शहाणपणाचे वाटते.

लॅपटॉप असेल तर प्रश्नच बदलतो. त्याच्या पोटात बॅटरी आहे, आधार हवा तो राउटरला. फायबरचा राउटर बहुधा 12 व्होल्टवर दहाएक वॅट घेतो. त्याला 600 व्हीएचा यूपीएस लावला तर यूपीएस स्वतःच जवळपास तेवढी वीज खातो. काही मॉडेल तर एवढा हलका भार ओळखतच नाहीत आणि आपोआप बंद होतात. त्यापेक्षा राउटरसाठी मिळणारा छोटा 12 व्होल्टचा लिथियमवाला यूपीएस दोन-चार तास सहज काढतो. अर्थात केबलवाल्याच्या गल्लीतल्या पेटीला बॅकअप नसेल तर राउटरचे दिवे नुसतेच जळत राहतील. तेही आधी विचारून घ्यावे.

आणि वीज रोज तासन्‌तास जात असेल, तर यूपीएसच्या वाटेलाच जाऊ नये. 2005 नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत महाराष्ट्रभर घरोघर इन्व्हर्टर आले ते याचसाठी. 150 अँपिअर-अवरच्या ट्यूब्युलर बॅटरीवर संगणक, पंखा आणि दिवे काही तास निघतात. इन्व्हर्टर साइन वेव्हचा असावा आणि त्याच्या पाठीमागचे बटण 'यूपीएस' बाजूला असावे. 'नॉर्मल'वर ठेवल्यास तो पलटायला जास्त वेळ घेतो आणि संगणक बंद पडतो. घरात जुना चौकोनी लहरीचा इन्व्हर्टर असेल, तर त्याच्यापुढे यूपीएस जोडून भागत नाही. यूपीएस ती लहर वीज म्हणून ओळखत नाही आणि लगेच स्वतःच्या बॅटरीवर जातो.

बॅटरी, उष्णता आणि अर्थिंग

यूपीएसचे सर्किट आठ-दहा वर्षे टिकू शकते, बॅटरी दोन-तीन. त्यामुळे खरा खर्च बॅटरीचा धरावा. ही बॅटरी 25 अंश सेल्सिअस तापमान गृहीत धरून बनवलेली असते आणि त्यापुढे साधारण दर आठ-दहा अंशांना तिचे आयुष्य निम्मे होते. नागपूर-चंद्रपूरचा उन्हाळा डोळ्यांसमोर आणला की तिथल्या बॅटऱ्या लवकर का बसतात ते कळते. त्यात आपण यूपीएस टेबलाखाली, भिंतीला चिकटवून, सीपीयूच्या गरम झोताशेजारी ठेवतो. वीतभर मोकळी जागा सोडली तर फुकटात काही महिने वाढतात.

बदलायची बॅटरी घेताना ती हातात घेऊन बघावी. 7 अँपिअर-अवरची अस्सल बॅटरी सुमारे 151 मिलिमीटर लांब, 65 रुंद आणि वजनाला दोन किलोच्या वर भरते. दीड किलोची निघाली तर आत शिसे कमी आहे, स्टिकरवर काहीही लिहिलेले असो. निर्मितीचा महिना-वर्ष कोरलेले किंवा छापलेले असते, तेही पाहावे. दुकानात वर्षभर चार्जिंगशिवाय पडून राहिलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट धरते आणि ती नवी असूनही जुनी असते. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी जास्त वर्षे टिकते हे खरे, पण लेड-ॲसिडसाठी बनवलेल्या चार्जरवर ती परस्पर जोडणे धोक्याचे. त्यासाठीच बनवलेला यूपीएस असेल तरच तिचा विचार करावा. यूपीएसवर भारतीय मानक 16242 (भाग 1) आणि आर-ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे ना, तेही बघून घ्यावे.

उरली अर्थिंग. विजेचा कडकडाट झाल्यावर येणारा झटका यूपीएसमधले छोटे व्हॅरिस्टर काही अंशी जमिनीत सोडतात, पण जमिनीपर्यंत वाट असेल तरच. जुन्या वाड्यांत आणि चाळींत तीन भोकांच्या सॉकेटचे तिसरे भोक बहुतेकदा शोभेचेच असते. अशा घरात यूपीएसच्या आधी वायरमनला पैसे द्यावेत. आणि डीपीवर न्यूट्रल तुटला, तर दोन फेजांमधला 415 व्होल्टचा दाब घराघरांत हवा तसा वाटला जातो. त्यापुढे घरगुती यूपीएसचा टिकाव लागेलच असे नाही. मेन स्विचपाशी जास्त दाबाला तोडणारे उपकरण बसवणे हाच त्यावर इलाज.

यूपीएस बसवल्यावर दर दोन-तीन महिन्यांनी त्याची परीक्षा घ्यावी. फाइली सेव्ह करून भिंतीवरचा स्विच बंद करावा (प्लग उपटू नये, अर्थिंगही तुटते) आणि किती मिनिटे निघतात ते त्याच्या पाठीवर पेन्सिलने लिहून ठेवावे. वीसची दहा झाली की नव्या बॅटरीची सोय बघावी. सीलबंद बॅटरीची कूस फुगलेली दिसली, तर मिनिटे न मोजता ती त्याच दिवशी काढावी. 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुनी बॅटरी परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. दुकानदारही शिशाच्या भावाने तिचे पैसे नव्या बॅटरीच्या किमतीतून वळते करतो. ती भंगारवाल्याच्या गाडीवर टाकली, तर तो ॲसिड गटारात ओतून फक्त शिसे ठेवील.