एक फूट दोरात गाठ बसते का?



दावं, कासरा, परकराची नाडी, पोत्याची सुतळी. दिवसभरात आपल्या हातून किती गाठी पडतात, मोजतं कोण? पण साध्या गाठीला कमीत कमी दोर किती लागतो, हा हिशेब करायला मोठमोठ्या गणितज्ञांची वर्षानुवर्षं गेली. आज तीच गोष्ट सांगते.

1867 साली स्कॉटलंडमध्ये पीटर टेट या प्राध्यापकांनी धुराची वलयं करून दाखवली. ती पाहून त्यांचे मित्र विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांना वाटलं की अणू म्हणजे अशा वलयांच्या गाठीच असणार. मग टेट गाठींची यादी करायला बसले. अणूचा विचार चुकीचा निघाला, पण यादी राहिली. 1918 साली मेरी हेसमन या अमेरिकी बाईंनी त्यात भर घातली. दोर बारा ठिकाणी स्वतःवरून जातो आणि जी आरशातल्या प्रतिबिंबाशी जुळते, अशा गाठी त्यांनी शोधल्या.

पण कागदावरच्या या दोराला जाडीच नव्हती. आपल्या दोराला असते. म्हणून पुढे प्रश्न आला: एक इंच जाड, एक फूट लांब दोर घ्या. साधी गाठ मारा आणि दोन्ही टोकं एकमेकांना जोडा. जमेल का? अट एकच, दोर दाबून चपटा करायचा नाही.

करून पाहिलं तर जमत नाही. पण दहा जणींना जमलं नाही म्हणून अकरावीला जमणारच नाही, असं गणित मानत नाही. त्याला पुरावा लागतो. तो 2003 साली युआनान दियाओ यांनी दिला: 12 इंचांत गाठ बसत नाही. 2006 साली एलिझाबेथ डेन, दियाओ आणि जॉन सुलिव्हन यांनी दाखवलं की निदान 15.66 इंच लागतातच. संगणकावर आवळत नेली तर गाठ सुमारे 16.37 इंचांत बसते. नेमका आकडा या दोन्हींच्या मधला आहे, पण तो अजून सिद्ध झालेला नाही.

याचा उपयोग काय, असं विचाराल. आपल्या पेशीतल्या डीएनएच्या धाग्यालाही गाठी पडतात. प्रयोगशाळेत कोणती गाठ किती वेगाने सरकते, याचा या लांबीशी संबंध असल्याचं 1996 साली दिसून आलं.

मैत्रिणींनो, एवढ्याशा गाठीलाही गणिताने पुराव्याशिवाय 'अशक्य' म्हटलं नाही. आपल्याला मात्र कुणीही उठून म्हणतं, 'बायकांना हे जमायचं नाही.' त्यांना एवढंच विचारा: हे सिद्ध कुणी केलं?