नौका-प्रतिकृतींचे अंदाजपत्रक

लाकडी जहाजाच्या प्रतिकृतीचा संच घेताना खोक्यावरची किंमत ही खर्चाची केवळ सुरुवात असते. संचात साधारणतः जहाजाचा कणा, आडव्या चौकटी, कवचासाठी लाकडी पट्ट्या, डोलकाठ्यांचे लाकूड, दोरा, धातूच्या जोडवस्तू आणि आराखडे मिळतात. गोंद, रंग, वॉर्निश, बारीक दातांची करवत, हातड्रिल, चिमटे आणि पॉलिशपेपर बहुधा वेगळे घ्यावे लागतात. हत्यारांचा खर्च एकदाच होतो. पण तो नेमका पहिल्या जहाजावर पडतो.

नवशिक्याला भुरळ पडते ती ‘एचएमएस व्हिक्टरी’ची. १७६५मध्ये जलावतरण झालेली आणि १८०५च्या ट्रॅफल्गारच्या लढाईत नेल्सनचे ध्वजजहाज असलेली ही युद्धनौका १०४ तोफांची. तिच्यावर ३७ शिडे आणि सुमारे ४२ किलोमीटर दोरखंड होता. प्रतिकृतीत प्रत्येक दृश्य तोफ, तिचा गाडा व तिचे दोर यांचे तेच काम पुनःपुन्हा करावे लागते. असे संच अर्धवट राहून माळ्यावर जातात, आणि उघडलेल्या खोक्याला नंतर गिऱ्हाईक मिळणे कठीण. त्यापेक्षा १९२१मधील ‘ब्लूनोज’ ही नोव्हा स्कोशियाची दोन डोलकाठ्यांची मासेमारी नौका बरी. सुमारे ४३.६ मीटर लांबीची ही नौका १:६४ प्रमाणात ६८ सेंटिमीटर, तर १:१०० प्रमाणात ४४ सेंटिमीटर होते. लहान प्रतिकृती सोपी असते, हा मात्र गैरसमज आहे: ३० सेंटिमीटरची कप्पी १:१०० प्रमाणात अवघी तीन मिलिमीटरची उरते.

जादा भागांचा मोह आवरणे अधिक अवघड. संचातील ओबडधोबड कप्प्या आणि केसाळ दोरा बदलला, तर जहाजाचे रूप पालटते. बाकीची खरेदी कवच पूर्ण होईपर्यंत थांबू शकते. भाग घेताना प्रमाण जुळवावे आणि एका नगाच्या किमतीला संख्येने गुणून पाहावे. परदेशातून मागवल्यास भारतात सीमाशुल्काची आकारणी वस्तूच्या किमतीत वाहतूकखर्च व विमा मिळवून होते. त्यामुळे चार सुट्या पाकिटांपेक्षा एकत्रित मागणी परवडते.

पाण्यावर चालवायच्या नौकेचा हिशेब निराळा. मोटर, वेगनियंत्रक, दांडा व पंखा, सुकाणूसाठी सर्व्हो, बॅटरी, चार्जर आणि रेडिओ यांपैकी संचात काय नाही, हे आधी वाचावे. रेडिओ आणि चार्जर पुढच्या नौकेलाही उपयोगी पडतात; तेथे काटकसर नको.

जुन्या संचांच्या बाजारात शिशाच्या जोडवस्तू आढळतात. लाकडातून सुटणाऱ्या आम्ल वाफांमुळे बंद काचपेटीत त्यांच्यावर पांढरी भुकटी धरते, व ती विषारी असते. असे भाग पितळी घेऊन बदलायचे, तर तो खर्चही सौद्यात धरावा. आणि संच नवा असो वा जुना, खोके उघडताच यादीबरहुकूम भाग मोजावेत. उणीव महिन्यांनी कळवली, तर विक्रेता दाद देईलच असे नाही.