मायेच्या खोलीत किती जण?

करमणुकीच्या दूरच्या भविष्याविषयी जे लिहिले जाते, त्यात बहुधा एकच प्रश्न असतो: आभास किती पूर्ण होईल? गेल्या सव्वादोनशेहून अधिक वर्षांतली काही साधने शेजारी शेजारी ठेवून पाहिली, तेव्हा मला दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटला. त्या आभासात आपल्या शेजारी कोण असेल, आणि कथा कोणाच्या हाती असेल?

रॉबर्ट बार्कर या चित्रकाराने १७८७ मध्ये पॅनोरामाचे पेटंट घेतले. त्यासाठी १७९३ साली लंडनच्या लेस्टर स्क्वेअरजवळ खास गोलाकार इमारत उघडली. प्रेक्षक मधल्या चौथऱ्यावर उभा राही, चित्र त्याच्या चहूबाजूंनी पसरलेले असे. उजेड वरून येई, चित्राच्या कडा झाकलेल्या असत. चौकटच दिसत नसल्याने आपण चित्राच्या आत आहोत असे वाटे. पण तिथे तो एकटा नसे. अनोळखी माणसेही तेच क्षितिज पाहत असत.

शतकभराने कल्याणच्या महादेव पटवर्धनांनी ‘शांबरिक खरोलिका’ दाखवायला सुरुवात केली. नावात मायावी शंबरासुराची आठवण आहे. काचेवर रंगवलेली चित्रे दिव्याच्या उजेडाने पडद्यावर मोठी होत आणि निवेदनाच्या आधाराने कथा पुढे सरके. पिंगुळीच्या ठाकर चित्रकथींची परंपरा तर त्याहून जुनी. पोथीतले चित्र स्थिर असते. ते जिवंत होते गाणाऱ्याच्या आवाजात. समोर कोण बसले आहे ते पाहून त्याला कथा लांबवता येते, आवरतीही घेता येते.

विसाव्या शतकात चित्रपटगृहाने ही सोबत राखली, पण दुसरी एक वाट एकट्या माणसाकडे वळली. मॉर्टन हाइलिग यांच्या ‘सेन्सोरामा’ला १९६२ मध्ये पेटंट मिळाले. त्रिमित चित्र, आवाज, वारा, वास, हलणारी बैठक असे सगळे त्यात होते. जागा मात्र एकाचीच. आयव्हन सदरलँड यांनी १९६५ च्या निबंधात एका खोलीची कल्पना मांडली. तिथे पदार्थाचे अस्तित्वच संगणकाच्या ताब्यात असेल. खुर्चीवर बसता येईल आणि बंदुकीची गोळी खरोखरच जीव घेईल. तीन वर्षांनी त्यांनी डोक्यावर घालायचा पडदा प्रत्यक्षात आणला. भविष्याची आजची बरीच स्वप्ने त्या खोलीच्या दिशेनेच निघाली आहेत.

आज असंख्य खेळाडू दूरदूरच्या घरांतून एकाच आभासी जगात शिरतात, म्हणजे सोबत पुन्हा मिळाली असे म्हणता येईल. पण त्या जगात काय बदलता येईल, हे ते चालवणारी कंपनी ठरवते. पंचेंद्रियांना पूर्ण फसवणारे तंत्र कधीतरी आले, तर हा प्रश्न खेळापुरता राहणार नाही.

पिंगुळीच्या पोथीपुढे बसलेला श्रोता मध्येच प्रश्न विचारू शकतो, कंटाळला तर उठून जाऊ शकतो. सदरलँड यांच्या खोलीचे दार आतून उघडेल का, हे तिच्या भिंती खऱ्या वाटू लागण्याआधीच ठरवायला हवे.