रात्रपाळीला कोण आहे?

तारीख २७ ऑगस्ट १९५२. सकाळचे अकरा वाजून गेलेत आणि तुम्ही कोपनहेगनच्या ब्लेगडाम रुग्णालयात एका खाटेच्या पायथ्याशी उभे आहात. खाटेवर बारा वर्षांची मुलगी आहे. हातपाय चारही लुळे पडलेत. ताप चाळीस अंशांच्या वर. घशाचे स्नायू गेल्यामुळे तिला स्वतःची लाळसुद्धा गिळता येत नाही. लाळ श्वासनलिकेत उतरते आणि प्रत्येक श्वासाला घरघर होते.

तुम्ही आजच्या काळातून आलात, म्हणून तुमची नजर सवयीनं खाटेच्या वरच्या बाजूला जाते. तिथं मॉनिटर नाही. बोटाला चिमटा लावून रक्तातला ऑक्सिजन सांगणारं यंत्र यायला अजून वीसेक वर्षं आहेत. जपानचे ताकुओ आओयागी ते तत्त्व १९७४ साली मांडतील. इथं मुलीची अवस्था कळायची तर मुलीकडेच बघावं लागतं. नखं, ओठ, कपाळावरचा चिकट घाम, प्रत्येक श्वासाला गळ्याच्या खळगीत आत ओढली जाणारी कातडी.

शहरात पोलिओची साथ आहे. काही दिवशी पन्नास-पन्नास नवे रुग्ण येतात आणि त्यांत मुलंच जास्त. ज्यांचा श्वास अडतो त्यांच्यासाठी रुग्णालयाकडे काय आहे, तर एक लोखंडी फुप्फुस, म्हणजे माणसाला मानेपर्यंत आत ठेवायचा डबा, आणि छातीवर बसवायची सहा कवचं. या यंत्रांवर ठेवलेल्या पहिल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावलेत, बहुतेक तीन दिवसांच्या आत. रुग्णालयाचे प्रमुख डॉ. लासेन हे नामांकित डॉक्टर आहेत. त्यांनी परवाच, २५ तारखेला, सहकाऱ्याच्या आग्रहावरून एका भूलतज्ज्ञाला चर्चेला बोलावलं. ब्यॉर्न इब्सेन, वय ३६. तेव्हा भूलतज्ज्ञाची जागा शस्त्रक्रियेच्या खोलीत. तापाच्या वॉर्डात त्याला कोणी विचारत नसे.

इब्सेननं आल्यावर दोन गोष्टी पाहिल्या. एक, मरण पावलेल्या रुग्णांची फुप्फुसं. ती एवढी खराब नव्हती की हवा भरताच येणार नाही. दुसरी, रक्ताच्या तपासणीतला एक वाढलेला आकडा. वॉर्डातले डॉक्टर त्याचा अर्थ ‘रक्तात अल्क वाढलं’ असा लावत होते. इब्सेन म्हणाला, हा कार्बन डायऑक्साइड आहे. मुलं तो बाहेर टाकू शकत नाहीत, म्हणून तो आत साचतो. पोलिओचा विषाणू मेंदूवर चढला म्हणून ही मुलं जातात असं सगळे समजत होते. त्यातली कितीतरी मुलं श्वास पुरा पडत नाही म्हणून जात होती.

आता तुमच्यासमोर तो हे सिद्ध करायला उभा आहे. मुलीच्या गळ्याला, आवाजाच्या पेटीच्या खाली, छेद दिला गेलाय. आत फुग्याची कड असलेली नळी बसवली, नळीला रबरी पिशवी जोडली. पण हवा आत जाईना. मुलगी धडपडतेय, श्वासनलिका आवळल्या गेल्यात, कफ भरलाय. बघायला जमलेले डॉक्टर एकेक करून बाहेर पडतात. तुम्हालाही निघून जावंसं वाटतं, थांबा.

इब्सेन तिला थायोपेंटल देतो, शस्त्रक्रियेच्या आधी देतात ते भुलीचं औषध. मुलगी ढिली पडते आणि तिचा स्वतःचा श्वास बंद होतो. खोलीतल्या कोणालाही हाच शेवट वाटला असता. इब्सेन पिशवी दाबतो आणि या वेळी हवा आत जाते. छाती वर येते. पुन्हा दाबतो. थोड्या वेळात कातडीवरचा घाम ओसरतो, रक्तदाब उतरतो, ओठांवर रंग येतो. आणि मग तो धाडसाची गोष्ट करतो. तिला छातीच्या कवचावर ठेवून दाखवतो. कार्बन डायऑक्साइड चढू लागतो, घाम परत फुटतो. पिशवी लावली की सगळं खाली. बाहेर गेलेले डॉक्टर एव्हाना परत आत आलेत.

ती मुलगी जगली. पांगळी राहिली, पण पुढं बरीच वर्षं जगली.

हा प्रसंग वैद्यकाच्या इतिहासात बऱ्याचदा सांगितला जातो आणि बहुधा इथंच थांबवला जातो, एका हुशार माणसाच्या एका सकाळीपाशी. माझं मन मात्र त्या दिवसाच्या संध्याकाळी अडकतं. कारण पिशवी दाबायची हे कळलं. ती रात्रभर दाबायची कोणी? उद्या? पुढचे तीन महिने? आणि एकाच मुलीची नाही, एका वेळी सत्तर जणांची?

म्हणून आता तुम्ही वैद्यकीचे विद्यार्थी आहात. विद्यापीठात निरोप आला आणि तुम्ही नाव दिलंत. तुमच्यासारखे सुमारे १,५०० विद्यार्थी या साथीत आळीपाळीनं येतील आणि मिळून १,६५,००० तास पिशवी धरतील. शिकवणी थोडक्यात होते. नळी गळ्यात घट्ट आहे का पाहा. पिशवी दाबा, छाती उठली पाहिजे. सोडा, छाती बसू द्या. मिनिटाला वीसच्या आसपास. मध्ये चुन्याचा डबा आहे, बाहेर आलेला कार्बन डायऑक्साइड तो शोषून घेतो. तो गरम लागला म्हणजे काम करतोय. घाम आला तर हवा कमी पडतेय. नळीत खरखर ऐकू आली तर नर्सला हाक मारा, कफ ओढून घ्यायचा आहे.

रात्रीचे दोन. तुमच्यापुढं सहासात वर्षांचा मुलगा आहे. गळ्यात नळी असल्यामुळे त्याला आवाज नाही, रडताही येत नाही. बोलायला त्याच्याकडे फक्त डोळे आणि भुवया. सुरुवातीला तुम्ही घड्याळाकडे बघून दाबत होतात. तासाभरानं तुमच्या लक्षात येतं की तो भुवई उचलतो तेव्हा त्याला जास्त हवा हवी असते, आणि तुम्ही थोडी खोल पिशवी दाबलीत की त्याच्या कपाळावरची आठी जाते. तळहाताला आता पिशवीचा जडपणा कळतो. मघापेक्षा ती घट्ट लागतेय. कफ साचलाय. तुम्ही हाक मारता, नर्स येते, नळी साफ होते, पिशवी पुन्हा मऊ लागते. ही बातमी तुमच्या तळहाताला कुठल्याही यंत्राशिवाय कळली आणि ती कळायला तुम्ही खाटेपाशीच असणं भाग होतं. दर तासाला थोडी विश्रांती, तेवढ्यापुरता दुसरा विद्यार्थी पिशवी घेतो. पाळी संपली की तिसरा येतो आणि तुम्ही त्याला भुवईची खूण सांगता.

काही मुलं तरीही जातात. विशीच्या विद्यार्थ्याच्या हातात पिशवी असताना जातात, आणि दुसऱ्या संध्याकाळी तो विद्यार्थी पुन्हा कामावर येतो.

दहातले जवळजवळ नऊ जात होते, ते प्रमाण या व्यवस्थेनं निम्म्याच्याही खाली आलं. रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत पौल आस्ट्रुप यांनी रक्तातली आम्लता मोजायची सोय केली, तिच्यातूनच आज आयसीयूत रोज काढला जाणारा एबीजी, म्हणजे धमनीतल्या रक्तातले वायू मोजणारी तपासणी, घडला. १९५३च्या डिसेंबरात इब्सेननं शहराच्याच दुसऱ्या रुग्णालयात अतिदक्षता विभाग सुरू केला. आणि आपण ज्याला अँबू म्हणतो ती आपोआप फुगणारी पिशवीही १९५६ साली डेन्मार्कमधूनच आली. आपल्या सरकारी रुग्णालयांत व्हेंटिलेटर मोकळा नसतो तेव्हा ती अँबू नातेवाइकांच्या हातात दिली जाते आणि बाप तासन् तास ती दाबत बसतो. वरवर पाहिलं तर कोपनहेगनमध्येही हेच चाललं होतं. तिथं मात्र दाबणाऱ्याला शिकवलेलं होतं, तासातासानं सुटका होती, मागं नर्स होती, रक्त तपासणारी प्रयोगशाळा होती आणि फिरणारा भूलतज्ज्ञ होता. बापाला यातलं काहीच मिळत नाही.

त्या साथीपासून तीन वर्षं पुढं या. १९५५, स्वीडनमधलं गोथेनबर्ग, मुलांचं रुग्णालय. भूलतज्ज्ञ योरान हागलुंड यांनी सात खाटांचा एक विभाग उघडलाय, फक्त अत्यवस्थ मुलांसाठी. अपेंडिक्स फुटलेलं मूल, धाप लागलेलं मूल, विष पोटात गेलेलं मूल, सगळी एका छताखाली. जगातल्या पहिल्या बालअतिदक्षता विभागांत त्याचं नाव घेतलं जातं. खोलीत यंत्रं फारशी नाहीत. चोवीस तास मुलांवर नजर ठेवणाऱ्या नर्स आहेत.

आता २०१२, ढाका. अतिसारावरच्या संशोधनासाठी नावाजलेल्या आयसीडीडीआर,बी या संस्थेचं रुग्णालय. हवा दमट आहे, आया मुलांच्या उशाशी बसल्यात. डॉ. मोहम्मद जोबायेर चिश्ती तुम्हाला एका खाटेपाशी नेतात. १९९६ साली सिलहटच्या रुग्णालयात इंटर्न म्हणून त्यांची पहिली रात्र होती, त्या रात्री त्यांच्यासमोर तीन मुलं न्यूमोनियानं गेली. तेव्हापासून ते मुलांना न्यूमोनियातून वाचवायचं कसं, या एका प्रश्नामागं आहेत.

खाटेला शाम्पूची रिकामी बाटली बांधलेली आहे, अर्धीअधिक पाण्यानं भरलेली. बाळाच्या नाकातल्या नळीतून ऑक्सिजन आत जातो, आणि त्याच्या उच्छ्वासाची वाट एका दुसऱ्या नळीतून या पाण्यात बुडवलेली आहे. नळीचं टोक पाण्यात पाच सेंटिमीटर खोल असेल तर श्वास सोडतानाही फुप्फुसात पाच सेंटिमीटर पाण्याइतका दाब उरतो, आणि सुजलेल्या फुप्फुसातले हवेचे इवले कप्पे मिटत नाहीत. बाटलीत बुडबुडे येतात. ते थांबले तर समजायचं, कुठंतरी गळती आहे. तुम्ही बघत असतानाच बुडबुडे मंदावतात. नर्स वाकते, बाळाचं तोंड उघडं पडलंय, ती हनुवटीला बोटानं आधार देते, नाकातली नळी नीट बसवते. बुडबुडे सुरू.

२०१५ साली ‘लॅन्सेट’मध्ये या उपचाराच्या चाचणीचे निष्कर्ष आले. २२५ मुलं. नेहमीसारखा मंद ऑक्सिजन दिलेल्यांपैकी १५ टक्के दगावली, बाटलीवाल्यांपैकी ४ टक्के. हजारो डॉलरच्या व्हेंटिलेटरशिवाय. ही बातमी जगभर ‘शाम्पूच्या बाटलीनं मुलं वाचवली’ अशी छापली गेली, आणि तिचा आनंद मलाही आहे.

पण तुम्हाला अजून एका ठिकाणी जायचंय, आणि तिथं बातमीदार फारसे गेले नाहीत. मलावीतलं सलिमा, जिल्हा रुग्णालय, २०१५ ते २०१८ मधली कुठलीही रात्र. मुलांना न्यूमोनिया आहेच. वर कुणाला कुपोषण, कुणाचा एचआयव्हीशी संबंध, कुणाचा ऑक्सिजन फार खाली. उपकरण वेगळं असलं तरी तत्त्व तेच, पाण्यातले बुडबुडे. इथल्या चाचणीत ६४४ मुलं होती. साधा ऑक्सिजन घेणाऱ्यांपैकी ११ टक्के गेली. बुडबुड्यांच्या दाबावर ठेवलेल्यांपैकी १७ टक्के.

जास्त गेली, कमी नाही.

त्या वॉर्डात डॉक्टरांची रोजची देखरेख नव्हती. तसल्या वॉर्डात हे उपचार चालतात का, हेच बघायचं होतं. दाबानं दिलेल्या हवेनं मुलाचं पोट फुगू शकतं, उलटी होऊन ती श्वासात जाऊ शकते, नळीनं नाक सोलवटतं, क्वचित फुप्फुसाबाहेर हवा साचते. यातलं प्रत्येक वेळीच दिसलं तर सावरता येतं. सगळा दोष देखरेखीवर टाकता येणार नाही, सलिमाची मुलं वेगळी होती, आजारही वेगळे. तरी माझा कौल मी लपवत नाही. ढाक्यात हनुवटीला आधार देणारं ते बोट उपचाराचाच भाग होतं. बाटली सलिमात पोचली. बोट पोचवायची तजवीज कुणी केली नव्हती. सलिमाच्या संशोधकांनी हे आकडे जसेच्या तसे छापले, त्याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो. त्या छापण्यामुळे किती वॉर्डांत किती मुलं वाचली असतील ते कुणी मोजणार नाही.

शेवटचा थांबा आजचा. आपल्याकडचं कुठलंही जिल्ह्याचं गाव घ्या. मुलांचा नवा आयसीयू झालाय, बाहेर भिंतीवर संगमरवरी पाटी, आत दहा खाटा. व्हेंटिलेटरवरचं प्लास्टिकही पुरतं निघालेलं नाही. उद्घाटनाचा फोटो पेपरात आला होता. त्यात यंत्रं होती, पाहुणे होते. तुम्ही कुणाच्या तरी मुलाला बघायला आलात. रात्रीचे साडेअकरा. टेबलापाशी सिस्टर नोंदी लिहितायत.

“सिस्टर, रात्री किती जण असता तुम्ही?”

“आज दोघी. दुसरी बाळ घेऊन सीटीला गेलीय.”

“आणि दोन अलार्म एकदम वाजले तर?”

त्या लिहायचं थांबवत नाहीत. “मावशींना हाक मारते. त्या एका बेडपाशी उभ्या राहतात, मी दुसऱ्याकडे जाते.”

“मावशींना यातलं कळतं?”

“मी शिकवलंय ना. ओठांचा रंग बघायचा, छाती हलतेय का बघायचं. बदल वाटला तर मला मोठ्यानं हाक मारायची.” मग पेन टोपणात घालत त्या म्हणतात, “तिसरी सिस्टर द्या म्हणून दोनदा लिहून दिलंय. तुमची वर कुठं ओळख असेल तर सांगा त्यांना.”