पर्लकोटा : पुलावर पाणी चढण्याआधीचे ३६ तास

भामरागडचा संपर्क तुटल्याची बातमी गडचिरोलीच्या वाचकाला नवी नाही. इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या तीन नद्यांच्या संगमावर हे तालुक्याचं गाव वसलं आहे. आलापल्लीहून येणारा रस्ता हेमलकसा मागे टाकतो आणि पर्लकोटावरच्या ठेंगण्या पुलावरून गावात शिरतो. याच नदीवर नव्या उंच पुलाचं काम काही वर्षांपासून चाललं आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये पुराने वाट अडवली, तेव्हाही गावाची भिस्त जुन्या पुलावरच होती.

पुढचा घटनाक्रम एका तारखेचा नाही. अलीकडच्या अनेक पावसाळ्यांत जे जवळपास त्याच क्रमाने घडत आलं, ते इथे तासांत मांडलं आहे. पावसाच्या जोरानुसार तास मागेपुढे होतात, क्रम मात्र तोच राहतो.

३६ तास आधी

मोठा पाऊस भामरागडला नाही, पलीकडे बस्तरमध्ये पडतो आहे. इंद्रावती ओडिशातल्या कालाहंडीत उगम पावते, जगदलपूरवरून आणि चित्रकोटच्या धबधब्यावरून खाली येते आणि महाराष्ट्राच्या सीमेला लागते. वरचं पाणी इथे पोहोचायला वेळ लागतो. त्यामुळे भामरागडात नुसती रिपरिप असताना पूर वाटेवर निघालेला असू शकतो.

नव्या पुलाच्या जागी या दिवसांत नदीपात्रातलं काम बंद असतं. पाणी वाढलं की पात्रात यंत्रं उतरवता येत नाहीत, पाया खोदता येत नाही, खांबांना सेंट्रिंग लावता येत नाही. उन्हाळ्यात जेवढं काम झालं, तेवढंच आता कामाला येणार.

२४ तास आधी

हवामान खात्याचा इशारा येतो. प्रशासन नदीकाठच्या गावांना सावध करतं. दुकानदार आकाशापेक्षा नदीकडे जास्त बघू लागतात.

काही तयारी पावसाळ्याआधीच झालेली असते. संपर्क तुटणाऱ्या गावांत रेशनचं धान्य आगाऊ पोहोचवलं जातं. दिवस भरत आलेल्या बायांना दवाखान्याजवळ आणून ठेवण्यासाठी ‘माहेरघर’ योजना आहे. हे काम करणाऱ्या आशा, अंगणवाडीताई आणि परिचारिकांना जेवढं श्रेय द्यावं तेवढं थोडं. पण ही सगळी व्यवस्था रस्ता बंद होणारच हे गृहीत धरून उभी आहे, हेही विसरता कामा नये.

१२ तास आधी

आता नदीचं वागणं बदलतं. इंद्रावती पुढे सिरोंचा तालुक्यात सोमनूरजवळ गोदावरीला मिळते. गोदावरी भरलेली असली की इंद्रावतीचं पाणी झपाट्याने पुढे सरकत नाही. इंद्रावती तुंबली की पर्लकोटाला वाट मिळत नाही. पाणी मागे फुगतं. या फुगवट्यामुळेच गावात फारसा पाऊस नसतानाही पर्लकोटाची पातळी वाढत राहते.

म्हणून इथे पुलाची उंची ठरवताना एकट्या पर्लकोटाचा विचार पुरत नाही. तीन नद्यांचं आणि खालच्या गोदावरीचं गणित त्यात धरावं लागतं. जुना पूल या गणितात फारच खुजा आहे.

६ तास आधी

पाणी पुलाच्या बरंच जवळ आलेलं असतं. बघ्यांची गर्दी होते, पण खरी घाई असते ती कोणत्या काठावर थांबायचं हे ठरवण्याची. अलीकडे हेमलकसा आहे. तिथे डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी १९७३ पासून उभा केलेला लोकबिरादरी प्रकल्प आणि त्याचा दवाखाना आहे. पलीकडे तहसील कार्यालय, ग्रामीण रुग्णालय, बाजारपेठ आहे. दोन्हींमध्ये अंतर जेमतेम तीन किलोमीटर. कामासाठी सकाळी पलीकडे गेलेल्या माणसाला संध्याकाळी घरी परतता येईल की नाही, हे आता नदी ठरवणार.

३ तास आधी

एव्हाना आलापल्लीच्या वाटेवरचे नालेही भरलेले असतात. पर्लकोटाचा पूल मोकळा असला, तरी त्याच्यापर्यंत पोहोचणं कठीण झालेलं असतं. जुलै २०२४ मध्ये रस्त्याचं काम सुरू असताना वाहतुकीसाठी केलेला तात्पुरता वळणरस्ता पुरात वाहून गेला. प्रसूतीच्या कळा सुरू झालेल्या एका बाईला जेसीबीच्या बकेटमध्ये बसवून नाला पार करावा लागला. ते दृश्य सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. ती बाई दवाखान्यात पोहोचली, हे माणसांच्या धाडसाचं यश होतं. अर्धवट कामाच्या अपयशावर त्याने पांघरूण पडत नाही.

१ तास आधी

पुलाच्या दोन्ही टोकांना बंदोबस्त लागतो, वाहनं थांबवली जातात. बाजारपेठेतले दुकानदार माल वरच्या फळ्यांवर, माळ्यावर, नाहीतर उंचावरच्या ओळखीच्या घरात हलवतात. धान्य, खत, कापड, औषधं, सगळं. किती उंच ठेवलं म्हणजे सुरक्षित, हे गेल्या पुराच्या भिंतीवरच्या खुणेवरून ठरतं.

शून्य

पाणी पुलावर चढतं. शंभराहून अधिक गावांचा तालुक्याबाहेरच्या जगाशी संपर्क तुटतो. लाहेरी, धोडराजकडच्या माडिया वस्त्यांना तर आधी मधले नाले अडवतात, मग पर्लकोटा. बहुतेक वेळा वीज जाते, पाठोपाठ मोबाइलही मुका होतो. पाणी आणखी चढलं की बाजारपेठेत शिरतं. २०१९ च्या पावसाळ्यात ते एकदा नव्हे, अनेकदा शिरलं. पूर ओसरल्यावर गाळ उपसायचा, भिजलेला माल फेकायचा, पंचनाम्याची वाट बघायची आणि पुन्हा पाणी येईल म्हणून तयार राहायचं.

आठ महिने आधी

या संकटाची खरी उलटी मोजणी जुलैत सुरू होत नाही. ती आदल्या वर्षीच्या नोव्हेंबरात सुरू होते, नदी पात्रात उतरू देते तेव्हा. तिथून मेअखेरपर्यंत जेमतेम सात महिने मिळतात. एवढ्यात पाया, खांब, खांबांवरचे माथे, मग गर्डर, मग स्लॅब, मग दोन्ही काठांचे जोडरस्ते. काँक्रीटची ताकद अठ्ठावीस दिवसांनी तपासली जाते, ती घाईने वाढत नाही. सिमेंट आणि सळई येणार त्याच एका आलापल्लीच्या रस्त्याने. पायाचं काम मार्चऐवजी जूनवर गेलं, तर कागदावर तीन महिन्यांचा उशीर दिसतो. प्रत्यक्षात वर्ष जातं. नदीवरच्या कामाला इतर कामांसारखी महिन्यांची मुदतवाढ नसते, पावसाळ्यांची असते.

उशिराची कारणं खोटी होती असं नाही. हा नक्षलग्रस्त भाग. १ मे २०१९ ला कुरखेडा तालुक्यातल्या दादापूरला रस्त्याच्या कामावरची वाहनं जाळली गेली आणि त्याच दिवशी जांभुळखेड्याच्या स्फोटात १५ पोलीस जवान शहीद झाले. अशा जिल्ह्यात काम घ्यायला कोण सहज तयार होणार? पण ऑक्टोबर २०२५ मध्ये नक्षलवाद्यांचा वरिष्ठ नेता भूपती साठ साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शरण आला. भीतीचं कारण आता पूर्वीइतकं उरलेलं नाही. त्याची ढाल करून आणखी पावसाळे काढता येणार नाहीत.

आणि शासनाला वेळेत पूल बांधता येतो, याचा पुरावा याच महाराष्ट्रात आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल कोसळला, दोन एसटी बसगाड्या आणि इतर वाहनं वाहून गेली. तिथला नवा पूल १६५ दिवसांत बांधून झाला आणि ५ जून २०१७ ला, पुढचा पावसाळा लागण्याआधी, वाहतुकीला खुला झाला. मुंबई–गोवा महामार्ग आणि भामरागड यांची परिस्थिती सारखी नाही, हे खरं. तिथे सामान पोहोचवणं सोपं होतं आणि सगळ्या देशाचं लक्ष होतं. पण फरक एवढाच नाही. सावित्रीवर माणसं एका रात्रीत गेली, म्हणून मुदत पाळली गेली. पर्लकोटावर नुकसान दर वर्षी थोडंथोडं होतं. एक अडलेली बाळंतीण, एक बुडालेलं दुकान, शाळेचे आठ दिवस. हप्त्याहप्त्याने येणाऱ्या संकटाला कुणी मुदत घालत नाही.

ती घालायला हवी. मागणी मोठी नाही. कामाच्या प्रत्येक टप्प्याची तारीख पुलाच्या दोन्ही काठांना फलकावर मराठीत आणि माडियात लावा. दर महिन्याला किती काम झालं ते ग्रामसभेत सांगा. तारीख चुकली तर का चुकली आणि जबाबदार कोण, तेही तिथेच सांगा. जोडरस्ते अपुरे ठेवून पूल पूर्ण झाल्याची घोषणा करू नका. आणि गडचिरोलीच्या लोकप्रतिनिधींनो, पूर आल्यावर हेलिकॉप्टरमधून पाहणी करण्याऐवजी नोव्हेंबर ते मे या सात महिन्यांत दर महिन्याला एकदा त्या नदीपात्रात उभे राहा. पूल वेळेत होतो की नाही, ते तिथेच ठरणार आहे.