हाराच्या अंतरावर

तुम्ही श्रीपेरुम्बुदूरच्या मैदानात उभे आहात. 21 मे 1991, मंगळवार, रात्रीचे दहा वाजायला आलेत. अग्निनक्षत्राचे दिवस, सदरा पाठीला चिकटलाय. रामानुजाचार्यांचं हे जन्मगाव मद्रासपासून चाळीसेक किलोमीटरवर. आत येताना तुमची पिशवी कुणी उघडून पाहिली नाही, आणि त्यात काही चुकलं असं तुम्हालाही वाटलं नाही. पुढारी हा हात लावून बघायचा माणूस. मीनंबाक्कम विमानतळावरून निघालेल्या अँबॅसडरची काच खाली आहे. वाटेत लोक आत हात घालून राजीव गांधींचा हात ओढताहेत.

मद्रासला स्फोट आणि गोळीबार नवे नाहीत. 1982 मध्ये पाँडी बाजारात एलटीटीई या श्रीलंकन तमिळ संघटनेच्या खुद्द प्रभाकरननं गोळ्या झाडल्या होत्या, 1984 मध्ये मीनंबाक्कमला बॉम्ब फुटला होता, आणि अजून वर्षही झालेलं नाही, कोडंबाक्कमला प्रतिस्पर्धी ईपीआरएलएफच्या पद्मनाभांना साथीदारांसह मारलं. पण ती आपसातली भांडणं, असं शहरानं ठरवून टाकलं होतं.

आता नीट बघा. लाल गालिच्याच्या कडेला हार घेऊन लोक ताटकळलेत. त्यांत सलवार-कमीज घातलेली, चष्मा लावलेली एक तरुणी आहे, हातात चंदनाचा हार. हार घालणाऱ्यांच्या यादीत तिचं नाव नाही. अनुसूया नावाची उपनिरीक्षक तिला मागे सारते. राजीव गांधीच तिला अडवू नका म्हणतात. कोकिळा नावाची एक मुलगी त्यांना कविता म्हणून दाखवते. मग ती तरुणी पाया पडायला वाकते.

तिनं घडवलेल्या स्फोटात राजीव गांधींसोबत छायाचित्रकार हरिबाबूही गेला. त्याचा कॅमेरा मात्र शाबूत राहिला, आणि तपासाची वाट त्यातल्या फिल्मनं दाखवली.

पंतप्रधानपद गेल्यावर राजीव गांधींचं एसपीजीचं (विशेष सुरक्षा दलाचं) कवच निघालं होतं. 1988 च्या कायद्यात माजी पंतप्रधान नव्हतेच. हत्येनंतर त्याच वर्षी कायदा बदलून ते आले. पुढे सभांना दुहेरी कठडे, मेटल डिटेक्टर, आणि हार आधी कार्यकर्त्याच्या हाती द्यायची रीत. मला याची फारशी खंत नाही. पुढाऱ्याला हात लावता येणं म्हणजे लोकशाही, हा समज तसाही जरा भाबडाच.

मारेकरी एलटीटीईचे होते, पण खरी किंमत दुसऱ्यांनी मोजली. आता एखाद्या श्रीलंकन तमिळ कुटुंबाच्या जागी उभे राहा, जे युद्धातून जीव वाचवून मद्रासला भाड्याच्या खोलीत राहतंय. कालपर्यंत शेजारी चहा पाजत होते. आज पोलीस ठाण्यात नाव नोंदवा, आणि बोलण्यातला जाफन्याचा हेल लपवा, कारण घरमालक कान देऊन ऐकतोय.

आणि हत्येचा खटला जिथं चालला ते पूनमल्लीचं टाडा न्यायालय. टाडा म्हटलं की आपल्याला मुंबईच्या 1993 च्या बॉम्बस्फोटांचा खटला आठवतो. इथंही तोच कायदा, पोलीस अधिकाऱ्यापुढची कबुली पुरावा मानणारा. जानेवारी 1998 मध्ये सव्वीसच्या सव्वीस आरोपींना फाशी. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, हा टाडाखालचा गुन्हाच नव्हे. कबुल्या मात्र ग्राह्य धरल्या. एकोणीस जण सुटले, चौघांची फाशी कायम राहिली. त्यांतला पेरारिवालन अटकेच्या वेळी एकोणीस वर्षांचा होता. बॉम्बसाठी नऊ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आणून दिल्याचा त्याच्यावरचा आरोप. त्याची कबुली लिहून घेणाऱ्या अधिकाऱ्यानंच 2013 मध्ये निवृत्तीनंतर सांगितलं की बॅटऱ्या कशासाठी हव्यात हे आपल्याला माहीत नव्हतं, हे त्याचं वाक्य मी गाळलं. तो मे 2022 मध्ये सुटला.

राजीव गांधींच्या मारेकऱ्यांबद्दल कळवळा वाटायचं कारण नाही. पण एक वाक्य गाळायची मोकळीक आपण त्या रात्रीनंतर किती सहज देऊन टाकली!

तमिळनाडूतल्या श्रीलंकन तमिळ निर्वासितांच्या छावण्यांना 2021 मध्ये सरकारनं 'पुनर्वसन छावणी' असं नाव दिलं. तिथं जन्मलेली, श्रीलंका कधीच न पाहिलेली मुलं आता स्वतः आईबाप झालीत. हजेरी त्यांनाही लावावी लागते.