खांदेरीचा दिवा

वेळापूर हें समुद्रापासून फार दूर वसलेलें गांव. संस्कृतांत 'वेला' म्हणजे समुद्राचा किनारा. पण वेळापूरच्या आसमंतांत पाणी दिसलें तर तें विहिरीचें, नाहीं तर कालव्याचें. तथापि दुरून दिसणाऱ्या खुणेचें मोल या गांवाला शिकवावें लागत नाहीं. आषाढी वारीच्या वाटेवर याच गांवाजवळ ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचा 'धावा' होतो. पंढरीच्या देवळाचा कळस येथून तुकोबांना दिसला आणि ते धांवत सुटले, अशी सांप्रदायिक समजूत आहे. अंधारांत किनारा शोधणाऱ्या तांडेलाला दीपगृहाचा झोत दिसला म्हणजे त्याची अवस्था फारशी निराळी होत नसावी. फरक एवढाच कीं, वारकरी कळसाकडे धांवतो आणि तांडेल पुष्कळदां दिव्यापासून दूर सरतो. कारण दिव्याखालीं खडक असतो.

अमेरिकेंतील पंचसरोवरें इतकीं अफाट आहेत कीं, त्यांच्या कांठींही दीपगृहांच्या ओळी उभ्या राहिल्या. महाराष्ट्रांत तशीं सरोवरें नाहींत. येथें दीपगृहें पाहावयाचीं तर घाट उतरून कोंकणांतच जावें लागतें, आणि त्यांतही आधीं पाहावें तें खांदेरीचें.

मुंबई बंदराच्या तोंडाशीं, दक्षिणेस सुमारें २० किलोमीटरांवर खांदेरी व उंदेरी हीं दोन बेटें आहेत. १६७९ च्या पावसाळ्यांत शिवछत्रपतींच्या आज्ञेनें मायनाक भंडारी खांदेरीवर उतरला आणि तटाचें काम सुरू झालें. मुंबईच्या इंग्रजांच्या पोटांत गोळा उठला. कारण हें बेट ज्याच्या हातीं, त्याच्या नजरेखालून मुंबईस येणारें जहाज जाणार. त्यांनीं आरमार आणून वाट अडविली. १८ ऑक्टोबरला दौलतखानाच्या गलबतांशीं त्यांची लढाई जुंपली. केग्विनच्या 'रिव्हेंज' जहाजानें मराठ्यांना मागें रेटलें हें खरें, पण 'डव्ह' हें इंग्रजांचें गलबत मराठ्यांच्या हातीं लागलें.

खरी झुंज मात्र रात्रींची होती, आणि तींत तोफ फारशी वाजत नसे. किनाऱ्यावरून उथळ बुडाच्या होड्या वल्ह्यांवर निघत, दाणागोटा घेऊन अंधारांतून बेट गांठीत, आणि वाऱ्यावर अवलंबून असलेलीं इंग्रजांचीं जड जहाजें जागच्या जागीं राहत. त्या वेळीं खांदेरीवर मोठा दिवा पेटत असता तर बेट राखणें अवघड झालें असतें. काळोख हाच तेथील शिबंदीचा पाठीराखा होता. १६८० च्या आरंभीं इंग्रजांनीं बेटाचा नाद सोडला. सिद्दीनें मात्र शेजारची उंदेरी बळकावली.

पुढें आंग्र्यांचें आरमार मावळलें, मराठी राज्यही गेलें, आणि ज्या बेटासाठीं इंग्रज झगडले तेथें १८६७ सालीं त्यांच्याच अमलांत दीपगृह उभें राहिलें. मनोरा अष्टकोनी, सुमारें २५ मीटर उंच. आठच वर्षांनीं, १८७५ सालीं, मुंबईच्या दक्षिण टोंकाशीं ऑर्मिस्टनच्या देखरेखीखालीं प्राँग्ज दीपगृह पुरें झालें. त्याची उंची १४६ फूट. पुऱ्या ओहोटीला तेथें खडकांवरून पायीं जातां येतें. मात्र भरतीची वेळ चुकवून चालत नाहीं.

या मनोऱ्यांची करामत दगडांत नसून कांचेंत आहे. फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८२२ च्या सुमारास कांचेच्या वलयांचें भिंग रचलें. चोहोंकडे विखुरणारा उजेड त्यानें एका झोतांत गोळा होतो आणि लहानशी ज्योतही कोसचे कोस दिसते. शिवाय प्रत्येक दिव्याची उघडझांप निराळी असते. किती सेकंदांनीं किती वेळां चमकला हें मोजून खलाशी दिवा ओळखतो, जसा पोर घरांतल्या माणसाला खोकल्यावरून ओळखतो.

आज खांदेरीस थळच्या किनाऱ्यावरून होडीनें जातां येतें. तटाच्या आंत वेताळाचें देऊळ आहे, कोळ्यांचें तें श्रद्धास्थान. गाड्यांवरच्या जुन्या तोफा अद्याप तेथें आहेत. २०२५ सालीं युनेस्कोनें जागतिक वारशांत घेतलेल्या बारा मराठी किल्ल्यांत हा एक आहे. १७१८ सालीं मुंबईचा गव्हर्नर बून याने खांदेरीवर चाल केली होती, ती कान्होजी आंग्र्यांच्या लोकांनीं परतवून लावली. १९९८ सालीं बेटाला त्याच कान्होजींचें नांव दिलें गेलें. विलायतेहून मुंबईस येणारा कप्तानही आतां रात्रीं त्याच नांवाचा दिवा शोधतो.